लाल ताऱ्यावरचं पाणी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. त्या हिवाळ्यात गयाबाई पावेल नावाच्या रशियन इंजिनिअरकडे स्वयंपाकाला जायची. दिवेलागणीला तो अंगणात दुर्बीण मांडायचा. मंगळाच्या जमिनीवर कुठे वाहतं पाणी दिसतं का, हे शोधायचं त्याला वेड होतं. गयाबाईला मौज वाटायची. इथे नळावर बायांची भांडणं, आणि हा आभाळात पाणी हुडकतोय.

अशात तिचा नवरा केवलराम तापानं फणफणला. भट्टीवर काम करणारा दणकट माणूस, पण घागर रिचवूनही त्याची तहान भागेना. जीभ लाकडासारखी झाली. डॉक्टरनं आशा सोडली. घर चालायला पगार हवा, म्हणून शेजारच्या बेबीताईला त्याच्याजवळ बसवून गयाबाई कामावर आली.

त्या संध्याकाळी पावेल दुर्बिणीपासून हलत नव्हता. एक काळी रेघ दिसतेय, असं त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं.

"कल नहीं था," तो म्हणाला, आणि तिला दुर्बिणीशी बोलावलं.

तिनं डोळा लावला. आधी नुसता तांबूस ठिपका थरथरला. मग स्थिरावला. लाल माती. ओला काठ. काठाशी ओणवा झालेला माणूस ओंजळीनं पाणी पीत होता. त्याच्या पाठीवर भाजल्याचा डाग होता. त्या डागाला गयाबाईनं कितीदा तेल चोळलं होतं.

पावेलनं पुन्हा पाहिलं. त्याला रेघ दिसली, माणूस नाही.

ती धावत घरी आली. ताप एकाएकी उतरला, पाणीही मागितलं नाही, असं बेबीताईनं सांगितलं. केवलरामचं अंग गार होतं. मिशांवर बर्फाचे कण होते.

"कुठं गेलते तुमी?" गयाबाईनं विचारलं.

"लई थंड पानी होतं," तो म्हणाला. "वरून एक डोळा पाहून राहिला होता. आभाळाएवढा."

तो वाचला. कामावर जाऊ लागला. पण घरचं पाणी त्यानं पुन्हा ओठांना लावलं नाही. लाल तारा दिसू लागला की अंगणात मान वर करून उभा राहायचा. तोंड मिटलेलं. घसा तेवढा हलायचा.

आषाढात आभाळ झाकलं. तारा दिसेना.

गयाबाई पेला घेऊन उशाशी बसायची. तो तोंड फिरवायचा.

बाहेर छपराच्या कवेलूंवरून पावसाचं पाणी ओघळत होतं. आत खाटेवर त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या.

भेगांतून लाल, कोरडी धूळ सांडत होती.