जंबेरीची नोटीस

नईमानं मोबाईल असा आपटला का तो थेट परातीतल्या कणकेत जाऊन रुतला! नर्सरीत कामाले येणाऱ्या माणिकबाईनं दोन बोटांनी तो उपसला, पदरानं पुसला अन् पुन्हा वाचाले लागली... मोठ्यानं, जसं काई लग्नपत्रिकाच आली घरी.

"'नईमा नर्सरी, अचलपूर. कलम संत्र्याचं देते अन् झाडाले जंबेरी लागते. पाच वर्सं पोसा अन् आंबट खा. ही बाई शेतकऱ्याले लुटून राहिली.' टाकणारा कोण, त 'संत्र्यावाला दादा'."

"वाचू नोको म्हणलं ना तुले!"

"दोनशे बारा जनायनं शेअर केलं, बाई. एक जन खाली लिवते, हिले उलटी टांगा."

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली होती, बोगस बियाण्यानं लोक आधीच पोळले होते, त्यामुळं कोणी 'बोगस' म्हणून ओरडलं का ओरडणं संपायच्या आधी लोकायले पटे. दोन दिवसांत सहा गिऱ्हाइकायनं कलमं नको म्हणून फोन केले. अजून आठ दिवस असंच चाललं असतं, त वाफ्यातली सारी रोपं जागेवर वाळली असती... अन् त्यायच्यासंगं बावीस वर्सांचं नाव!

नाव म्हणजे दुसरं काय होतं तिच्यापाशी? माय-बाप एकाच वर्षात गेले तवा ती पंधराची, अन् शाहनवाज आठचा. तिनं शाळेचं दफ्तर खुंटीले टांगलं ते टांगलंच. जंबेरी म्हणजे आंबट ईडलिंबू, पण रोप दणकट, म्हणून बुडाले ते. त्याच्या सालीत चीर देऊन संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवाचा, पट्टी बांधाची, डोळा फुटला का वरची जंबेरी छाटून टाकाची... हे करता करता तिनं भाऊ वाढवला, तीन सोयरिकी वापस केल्या. अन् त्याच भावानं लग्नात 'नर्सरीची जागा विक, मले अकोल्याले दुकान टाकाचं आहे' म्हणून भांडण काढलं, ती नाई म्हणली, तर बायकोले घेऊन अकोटकडं सासऱ्याच्या वावरात निघून गेला. तिनं आहेरात देलेली दोनशे कलमं संगं नेली. पाच वर्सं झाली... एक फोन नाई!

दुपारी ती परतवाड्याले वकील सिंधूताईपाशी जाऊन धडकली.

"त्याले जेलात टाका, ताई! आजच!"

"पयले बसा. खाली काही कमेंट टाकली का तुमी?"

"टाकली ना. 'तुझ्या तोंडात जंबेरी.'"

सिंधूताईनं कपाळाले हात लावला. "आता आणखी काई लिहू नोका. अन् ती पुसू बी नोका, लपवल्यासारखं दिसते. पोस्टचे फोटो काढा, तारीख-टाईम दिसला पायजे, लिंक लिहून ठेवा. मंग फेसबुकले रिपोर्ट करू. मंग नोटीस धाडू, का पोस्ट काढ अन् त्याच जागी माफी लिव्ह."

"अन् नाई लिवली त?"

"मंग दोन रस्ते. एक दिवाणी, नुकसानभरपाईचा. दुसरा फौजदारी, बदनामीच्या पाचशे नंबरच्या कलमाचा. त्याच्यात पोलीस सरळ पकडत नाईत, आपल्यालेच मॅजिस्ट्रेटपुढं तक्रार करावं लागते. गुन्हा शाबीत झाला त दोन वर्सांपर्यंत कैद."

"दोन वर्सं! बस, हाच रस्ता!" नईमाले लई दिवसांनी भूक लागल्यासारखं झालं.

"खोट्या नावामागं कोण लपला, ते काढाले अमरावतीच्या सायबरवाल्यायकडं अर्ज देऊ. पण एक विचारून ठेवते, राग नोका मानू. गोष्ट खरी असली अन् लोकायच्या भल्यासाठी सांगतली असली, त ती बदनामी होत नाई. खरी त नाई ना?"

"ताई! माहं कलम अन् जंबेरी? मी मरून जाईन!"

"बरं बरं. मरू नोका, आधी फोटो पाहू." अन् ताईनं पोस्टमधला फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला.

जंबेरीनं लदबदलेलं काटेरी झाड. त्याच्यामागं कुडाची झोपडी. झोपडीले निळा दरवाजा... अन् दरवाज्याच्या कडेले चाकूच्या बारीक बारीक खुणा, एकीवर एक, एकीवर एक...

नईमा उठून स्क्रीनपाशी गेली. दर ईदीले नवे कपडे घालून तो पोरगा त्या दरवाज्याले टेकून उभा राहे, अन् ती कलमाच्या चाकूनं त्याच्या डोक्यावर खूण करे! घर दुरुस्त करताना काढलेला दरवाजा तो सोबत घेऊन गेला होता.

"प्रिंट काढू?"

"राहू द्या, ताई." तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळाले लागलं. "अर्ज नोका करू. मी... मी नर्सरीची पाटीच उतरवते."

सिंधूताईनं चष्मा काढला. "कोण लागतो तुमचा तो?"

"...भाऊ."

"मंग रडता काहून? नोटीस म्हणजे बेड्या नोहे, बाई. कागद आहे. लिहिणाऱ्याले सुधराची एक संधी असते. लिहू?"

"लिव्हा. पण पोस्टानं नोका धाडू... मीच हातानं नेऊन देते."

दुसऱ्या दिवशी अकोटच्या एस.टी.त बसलेल्या नईमाच्या पिशवीत दोन चिजा होत्या, नोटीस अन् कलमाचा चाकू. कंडक्टरनं पिशवी पाह्यली असती, त त्यानं तिकीट अन् पोलीस दोन्ही एकदमच देले असते!

शाहनवाज वावरातच भेटला. बहिणीले पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. तिनं कागद त्याच्या छातीले लावला. "वाच."

त्यानं वाचला. अन् मंग पाच वर्सांचं साचलेलं एकदम फुटलं. "हो! मीच टाकली! दोनशे कलमं देली मले, अन् त्यातल्या चाळीस झाडायले जंबेरी! जागेच्या रागानं तू मले खराब माल देला, आपा! सख्ख्या भावाले!"

नईमा खाली बसली, बुडाची माती हातानं बाजूले केली, अन् झाडाच्या खोडावरून बोट फिरवलं. डोळा बांधलेल्या जागी एक जुना, वाळलेला कापीव खुंट होता. फांदी आली होती ती त्याच्या खालून!

"इथं पातळशी, बारकी फांदी होती. ती कुठं गेली?"

"ती? रोगट होती, वाढतच नोव्हती. छाटली मी. अन् खालून ही कशी जोमानं फुटली, ती ठेवली."

"तूच छाटली?"

"मंग? चाळीसायची छाटली."

नईमा त्याच्याकडं पाहत राह्यली... पाहत राह्यली... अन् अशी हसाले लागली का वावरातले बगळे उडाले! "अरे येड्या! संत्रा कापला अन् जंबेरी पोसली! बावीस वर्सं मी खालची फूट मोडत आली, तुले एक दिवस नाई दिसलं?"

शाहनवाजनं झाडाकडं पाह्यलं, कागदाकडं पाह्यलं, अन् मटकन मातीत बसला. "आपा... मी काय करून बसलो!"

झोपडीतून तुबा, त्याची बायको, पदर तोंडाले लावून बाहेर आली. तीही हसूनच राह्यली होती, डोळे मात्र भरलेले. "आपा, हे दर ईदीले त्या दरवाज्यापाशी उभे राहून खुणा मोजते. म्हणलं फोन करा. म्हणे, पयले ती करील."

"तुबा!"

"मंग? खोटं आहे?"

तो नईमाच्या पायाशी वाकला, तिनं त्याले मधातच धरलं, अन् मंग दोघंही रडले... अशे रडले का तुबानं शेवटी दोघायले पाण्याचा एकच तांब्या देला.

नोटिशीत लिहिलं होतं तसंच झालं. त्याच जागी, त्याच पोस्टवर शाहनवाजनं खरं नाव लिहून व्हिडिओ टाकला. झाडाचं बूड दाखवलं, आपलीच कुऱ्हाड दाखवली. "चूक माही आहे. कलम पक्कं होतं, मीच कापलं. आपा, माफ कर." पयल्या पोस्टले दोनशे बारा, अन् याले जेवणाच्या आतच सहाशे! लोक हसत होते, शेअर करत होते, अन् नर्सरीचा नंबर मागत होते. माणिकबाईचा फोन आला, "बाई, चार जन कलमं पाहाले येऊन बसले! चहा देऊ का टांगून देऊ?"

नईमानं एका झाडाची जंबेरी छाटून बुडाच्या सालीत चीर देली, बाजूच्या झाडाचा संत्र्याचा डोळा बसवला. पट्टी शाहनवाजनं धरली.

"घट्ट धर. अन् हा फुटला का खालचं मोडत जाय."

"हो, आपा."

"आता तिकडं, दरवाज्यापाशी उभा राह्य."

"आता काय वाढतो का मी?"

"चप्पल काढ पयले!"

जेवताना सिंधूताईचा फोन आला. "काय बाई, नोटिशीचं उत्तर आलं का?"

नईमानं समोर पाह्यलं. भाऊ तुबाच्या हातचं जंबेरीचं लोणचं लावून चौथी पोळी हाणत होता.

"आलं ताई," ती म्हणली. "समोरच बसून जेवून राह्यलं."