एकतीस जणांचे ठोके

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय.

मागच्या वर्षी, भर दुपारी अडीच वाजता, आमच्या जहाजतोडीच्या आवारात.

मी गॅस कटर चालवायचो. आमचा एक नियम होता. जहाजाचा बंद कप्पा कापण्याआधी बाहेरून तीन ठोके मारायचे. आत कुणी असेल तर तो दोन ठोके देणार.

त्या दिवशी कापायला आली सैन्य उतरवायची एक जुनी बोट.

माझ्या काकांची बोट. तेव्हा तेच ती चालवायचे.

चाळीस वर्षांपूर्वी ती शत्रूच्या किनाऱ्यावर गेली होती. मोहीम फसली. बोट उलटली, छतावरची झडप वाळूत रुतली आणि समोरचं खाली पडणारं दार उघडलंच नाही. एकतीस जवान आत बुडाले. बोट तेवढी ओढून परत आणली. दाराचा खटका बाहेर, काकांच्या हाताशी होता.

"दार जाम झालं होतं रे," एवढंच ते सांगायचे. घरात मात्र एकही दार लावू द्यायचे नाहीत. "चोरांना पत्रिका छापूया का, काका?" अशी आम्ही थट्टा करायचो.

माझा कामावरचा जोडीदार जेवायला गेला होता. त्याला न सांगताच मी बोट आतून बघायला झडपेतून उतरलो...

धाडकन झडप पडली.

मिट्ट काळोख. ओरडून ओरडून घसा बसला. झडप तसूभरही हलेना.

मग बाहेरून ठोके आले. एक... दोन... तीन.

जोडीदार! आता उत्तर दिलं नाही तर तो कटर लावणार. मी कमरेची हातोडी काढली...

त्याआधीच कुणीतरी दोन ठोके दिले.

माझ्या शेजारून.

मग पलीकडून दोन. मग पायाशी. मग सगळीकडून...



तेवढ्यात समोरचं दार खाली आलं. लख्ख ऊन. आत मी एकटाच.

"किती जण होतात रे आत?" जोडीदार पांढराफटक पडला होता.

"दार कसं उघडलंस?"

"खटका ओढला. एका हाताने निघाला."

घरी येऊन मी काकांना एवढंच सांगितलं, की खटका एका हाताने निघाला. 

"बाहेर गोळ्या सुटत होत्या," काका म्हणाले. "वाटलं, पोरं आतच बरी. ती ठोकत होती... मी म्हटलं, जरा थांबा. आत पाणी भरतंय हे कळेपर्यंत उशीर झाला."

मला त्यांचा रागही आला, कीवही आली. 

काका उठून खोलीत गेले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांनी दार लावलं.

हाका मारल्या. उत्तर नाही. न राहवून मी दारावर तीन ठोके मारले...

आतून दोन आले.

मग आणखी दोन. मग आणखी...

दार फोडलं तेव्हा काका एकटेच खुर्चीत होते. गेलेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सदऱ्यातून खारं पाणी निथळत होतं, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

मी ते काम सोडलं. घरातली सगळी दारं आता मीच उघडी ठेवतो.

थट्टा कुणी करत नाही.