एका रुमालातली गल्ली

नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात आता धूळ उरली नव्हती. जुन्या कागदांचे गठ्ठे गुंडाळलेले दप्तराचे लाल रुमाल काचेआड जसेच्या तसे बांधलेले होते. गाठ न सोडता ‘अंतर्वाचक’ आतली शाई क्ष-किरणांनी वाचत असे. यंत्र मोठं हुशार, पण फुकट तोंड उघडत नसे.

खिडकीशी भालचंद्र वैराळ उभे होते. चौतीस वर्षं याच कक्षात त्यांनी रुमाल बांधले होते. आज त्यांना स्वतःच्याच घराच्या बांधकाम परवान्याची नक्कल हवी होती. गुरुवारपर्यंत ती दाखवली नाही, तर कुंभारगल्लीतलं त्यांचं घर अनधिकृत ठरवून पाडलं जाणार होतं.

“सापडला, काका,” खिडकीतल्या तांबेबाई म्हणाल्या. वैराळांचा जीव भांड्यात पडला. “शुल्क एक लाख एकोणतीस हजार सहाशे.”

“एका कागदाचं?”

“अख्ख्या रुमालाचं. यंत्र एका गाठीला एक अभिलेख धरतं. यात सहा हजार चारशे ऐंशी पानं आहेत, पानाला वीस रुपये.”

“अहो, मला एकच पान द्या ना!”

“माझ्या हातात नाही हो. कुणी बांधलंय असं, देव जाणे.”

हा रुमाल वैराळांनीच बांधला होता. त्या वर्षी लाल कापड आलंच नव्हतं. त्यांनी अख्खी कुंभारगल्ली एका रुमालात कोंबली. पुढे कागद शोधणाऱ्याचे हाल होणार, हे गाठ मारतानाच त्यांना कळत होतं. साहेबांनी मात्र कापड वाचवलं म्हणून पाठ थोपटली होती. त्या शाबासकीची आता त्यांना शिसारी आली.

“पानं सुटी नाही का करता येणार?”

“येतात की. बांधणाऱ्याने चूक लिहून दिली, तर लगेच सगळ्यांची सुटी होतात.” तांबेबाईंनी कोरा नमुना पुढे सरकवला. “पण शुल्क परवडलं नाही म्हणून आधी परत गेलेल्यांचं नुकसान मग त्याच्या माथी.”

“किती जण परत गेले?”

“अकरा. सईदाबीसुद्धा. त्यांचा परवाना यातच होता.”

सईदाबी त्यांच्या शेजारीण. सोमवारी त्यांचं घर पाडलं जात असताना वैराळ स्वतःच्या दारात उभे होते. ‘कागद सांभाळायला नकोत का माणसाने?’ असं ते बायकोला म्हणालेही होते.

त्यांनी पेन उचललं. नमुन्यातला पहिलाच रकाना होता: चूक केव्हा लक्षात आली?

आजची तारीख लिहावी, की गाठ मारली त्या दिवसाची?