पहिली मूठ

सासूच्या हातच्या पोळ्या करणारे जावई तोवर घरोघर झाले होते. चार मिनिटांचं काम. मानेमागे एक पट्टी, मनगटांवर दोन, आणि ज्याने जन्मात लाटणं धरलं नाही तो माणूस टम्म फुगलेली पोळी ताटात वाढायचा. वाढता वाढता तोंडातल्या तोंडात सासऱ्यांना नावंही ठेवायचा, कारण सासूबाई तसंच करायच्या. लोक हसायचे. हातासोबत आणखीही काही येतं, याची गंमत वाटण्याचे ते दिवस होते.

या विद्येला ‘हातवळण’ म्हणत. सायकल कशी चालवायची हे आपण शब्दांत लक्षात ठेवत नाही. ती आठवण डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत, विजेच्या सूक्ष्म ठेक्यांच्या रूपाने बसलेली असते. निष्णात माणूस काम करत असताना तो ठेका नोंदवायचा आणि नवख्याच्या लहान मेंदूला ऐकवायचा. तो आपसूक उचलतो. वीस वर्षांची मेहनत अशी चार मिनिटांत दुसऱ्याच्या हातात उतरते.

आडबंदरच्या हर्षदा कोयंडेला या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली, जिभेने तिखट आणि हाताने हलकी अशी ही बाई ओहोटी लागली की पाटी घेऊन किनाऱ्यावर जायची आणि वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायची. ओल्या वाळूवरून ती तळहात असा काही फिरवी, की शिंपला वर यायचा आणि वाळूवर बोटाचा ठसाही उरायचा नाही. त्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

वैशाखात आडबंदरपासून शंभर मैलांवर एक तेलवाहू जहाज फुटलं. तेलाचा तवंग नवव्या दिवशी किनाऱ्याला लागणार, असं प्रवाहांचं गणित सांगत होतं. मदतीला घाटावरून तीनशे स्वयंसेवक आले, आणि त्यांचीच धास्ती वाटू लागली. उत्साही माणूस फावडं मारतो, त्याने तेल आणखी खोल दाबलं जातं आणि मग दहा-दहा वर्षं निघत नाही. दुधावरची साय काढावी तसं ते वरच्या वर उचलावं लागतं.

प्रशिक्षणाची जबाबदारी डॉ. फरीदा मुकादम यांच्यावर होती. मेंदूशास्त्रज्ञ असल्या तरी त्या मूळच्या रत्नागिरीच्याच. दोन दिवस त्या किनाऱ्यावर लोकांचे हात बघत हिंडल्या आणि हर्षदापाशी येऊन थांबल्या.

“ताई, तुमचा हात आम्हाला हवाय.”

“घेवा,” हर्षदा म्हणाली. “पण माझो हात माझ्याकडेच रवतलो मां?”

“राहील की. दिव्याने दिवा लावल्यासारखं आहे.”

“मग घेवा. माका वाटला, कापून नेतास.”

हर्षदाच्या हाताची नोंद घेतली, ती तीनशे जणांना ऐकवली आणि तिसऱ्या दिवशी सराव झाला. खरं तेल वापरणं शक्य नव्हतं, म्हणून काकवीत राख कालवून ती अर्धा किलोमीटर किनाऱ्यावर ओतली होती. गावातली कुत्री बेहद्द खूश होती. तीनशे माणसं हातमोजे चढवून एका रांगेत बसली आणि सगळ्यांनी मिळून पहिला तळहात वाळूवरून फिरवला.

हर्षदाने कंबरेवर हात ठेवले आणि ती बघत राहिली. कुणी संगणकवाला, कुणी नर्स, कुणी नुकतीच लग्न झालेली जोडी, आणि काकवी अलगद उचलली जात होती. नाकाला खाज आली की तीनशे कोपरं नाकाशी जात होती. “बाय माझे,” ती पुटपुटली, “मी अशी दिसतंय?” डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली.

पुढच्याच क्षणी तीनशे माणसांनी पाटीत टाकण्याआधीची पहिली मूठ मनगट वळवून, करंगळी जराशी बाहेर काढून समुद्रात भिरकावली.

डॉ. फरीदांनी शिट्टी वाजवली. “तेल परत पाण्यात कशाला टाकताय?”

सोलापूरहून आलेले अंकुशे सर ओशाळून उभे राहिले. तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता आणि समुद्र पाहिला होता परवा. “मॅडम, मी नाही टाकली,” ते म्हणाले. “हातानं टाकली.”

सगळे हसले. हर्षदा मात्र हसायची थांबली होती. पहिली मूठ दर्याची, ही तिच्या आईची रीत. दर पाटीला पहिली मूठ परत करायची. चाळीस वर्षं तिचा हात ते करत आला होता, पण तो करताना कसा दिसतो हे तिला कधी दिसलं नव्हतं. आता दिसलं. ती करंगळी आईची होती. बारा वर्षांमागे गेलेली बाई किनाऱ्यावर तीनशे ठिकाणी उकिडवी बसून दर्याचं दर्याला देत होती. हर्षदाला भरून आलं. तिने पदराने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता तिला इतका आनंद झाला की शेजारी उभ्या असलेल्या पोलिसाला तिने सांगितलं, “ती बघा, माझी आवस.” तो बिचारा तिची आई शोधत राहिला.

आईची ती रीत तिने सगळ्यांना सांगितली, आणि त्या दिवशी सगळ्यांनी मूठ न टाकण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही. मन ‘नको’ म्हणेपर्यंत हात मोकळा झालेला असे. असंच चाललं तर खरं तेलही पाटीपाटीला पाण्यात परत जाणार होतं.

संध्याकाळी डॉ. फरीदा हर्षदाच्या पडवीत येऊन बसल्या.

“नोंदीतसून तेवढोच तुकडो काढा मां,” हर्षदा म्हणाली.

“काढून पाहिला. सगळं वळणच विस्कटतं. नोंद ही सुकलेली फांदी असते ताई, कापली की तुटली. जिवंत मेंदू तसा नसतो. त्याची डहाळी छाटली तर दोन दिवसांत बाजूने फुटवा येतो.”

“म्हणजे माझ्या डोक्यातसून काढूचा. आणि मगे परत नोंद.”

“हो. नवी नोंद घेतली की तीनशे जणांमधली जुनी पुसली जाईल. मी खोटं सांगणार नाही. मूठ मला दिसते, काढता येते. तिला काय काय चिकटलंय ते मला दिसत नाही. आणि गेलेलं परत आणता येत नाही.”

“तिका चिकटलेला काय असतला? माझी आवस.”

“तुम्ही नको म्हटलंत तर आपण फावड्यांनी करू. जेवढं होईल तेवढं.”

हर्षदाने हातातली शेंग सोलून सुपात टाकली. मग म्हणाली, “दर्या काळो झालो तर आवशीची रीत घेवन मी खय बसतलंय? काढा. ती माका काय बोलूची नाय.”

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत ते काम झालं, आणि दोन दिवसांनी नवी नोंद. स्वयंसेवकांनी रांगेने ती घेतली. एकट्या अंकुशे सरांनी नकार दिला.

“माझी आई मी दीड वर्षाचा असताना गेली,” ते फरीदांना म्हणाले. “तिचा एक फोटोसुद्धा नाही. माझ्या हातात कुणाची तरी आई आलीये. राहू द्या. मी तेलाला हात लावत नाही, चहा करतो.”

नवव्या दिवशी तवंग आला आणि आडबंदरने त्याला हात दाखवला. अकरा दिवस बाकीची सगळी माणसं किनाऱ्याची काळी साय उतरवत होती आणि अंकुशे सर पातेल्यामागून पातेलं उकळत होते. हर्षदा रांगेमागून फिरे, कुणाच्या पाठीत थाप मारी, कुणाला “मेल्या, वाळूक गोंजार, कुस्ती खेळा नको” म्हणे. शेवटच्या दिवशी वाळूवर माशांचं जेवण झालं, ढोल वाजला, आणि शाकाहारी अंकुशे सरांनी सोलकढीचे सहा पेले रिचवले. मूठभर तेलही किनाऱ्यात मुरलं नव्हतं.

सहा महिन्यांनी वाळूत तिसऱ्या परत आल्या. ही बातमी कळताच अंकुशे सर सोलापूरहून गाडीत बसले. आदल्या भेटीत ते राहून गेलं होतं, आता त्यांना वाळूतल्या खऱ्या तिसऱ्या काढायच्या होत्या. ओहोटीला दोघं शेजारी शेजारी उकिडवी बसली. ऊन कोवळं होतं, आणि पहिल्याच फेरीत सरांच्या हाताला सात शिंपले लागले. हर्षदा मनापासून खूश झाली.

सरांनी मनगट वळवलं, करंगळी जराशी बाहेर काढली आणि सातही शिंपले पाण्यात सोडले.

“ह्यां काय केलास?” हर्षदाने विचारलं. “बरे होते मां?”

सरांना वाटलं, बाई थट्टा करते आहे. “पहिली मूठ दर्याची,” ते म्हणाले.

“खयची रीत ही? सोलापूरची?”

“तुमच्या आईची, ताई.”

हर्षदा खळखळून हसली. “माझी आवस? तुमचो कायतरी घोळ झालो, सर. ती चुलीकडची बाई. ती कशाक येतली दर्यार?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, काही आठवण्याची धडपडही नव्हती. ती मजेत होती. समोर लाटा स्वच्छ होत्या, आणि त्या कशाच्या बदल्यात तशा राहिल्या हे या किनाऱ्यावर आता त्यांच्या एकट्याच्या हाताला माहीत होतं.

“पण रीत बरी आसा,” ती म्हणाली. “दर्याचा दर्याक. माका आवडली. शिकवा बघूया.”

सरांनी तिचा हात हातात घेतला. “मनगट असं,” ते म्हणाले, “आणि करंगळी जरा बाहेर.” तिने केलं, चुकलं, हसून पुन्हा केलं.

“कोणी शिकवल्यान तुमका?” तिने विचारलं.

“आईनं,” अंकुशे सर म्हणाले.