अप्पांना विचारतो की!

लाईट गेली अन् जिंतूरचा टायपिंगचा क्लास खुशीत रिकामा झाला. एकटी बोरीची बबिता तेवढी बंद कीबोर्डवर टकटक करत राहिली.

"अवो, लाईट गेलीय!" रुद्रेश दारातून हसला.

"लाईट गेलीय, बोटं कुठं गेलीत?"

मग त्याचं लक्ष तिच्या डाव्या हाताकडं गेलं. दोन बोटं नव्हती... कडबा कुट्टीच्या मशीननं नेलेली. गडी असा ओशाळला, विचारू नका! दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या शेजारीच येऊन बसला.

दिसायला देखणा, बोलायला गोड, पण सबबींचा नुसता कारखाना! कधी उशिरा उठला, कधी डोकं दुखलं. अन् बबिता दोनदा नापास होऊनही रोज सकाळची पहिली जीप धरायची.

"आठ बोटांनी एवढी पळतीस, दहा असती तर मला मागं टाकलं असतंस."

"आत्ता कुठं पुढं हायस?"

अशी चिडवाचिडवी करता करता जीव जडला. "तुझ्याबिगर करमत न्हाई गं," तो एकदा हळूच म्हणाला... तिला दिवसभर काही सुचेना.

तिसऱ्या खेपेला ती पास झाली. तो परीक्षेला बसलाच नाही. तिकडं बोरीत तिच्या वडिलांनी स्थळ आणलं. रविवारी पाहुणे येणार होते.

"तुझ्या अप्पांना आपल्या लग्नाचं कधी विचारणार?" तिनं रुद्रेशला गाठलं.

"विचारतो की! पण आधी श्रावण होता, आता त्यांचं बीपी... अन् तुमच्यातली सून म्हणल्यावर... ते ऐकणारच न्हाईत गं."

शनिवारी ती स्वतःच त्यांच्या कापडाच्या दुकानात गेली. त्याचे वडील सिद्रामप्पा गादीवर बसलेले, रुद्रेश कापड मोजत होता.

"अप्पा, मी बोरीची बबिता. आमी बौद्ध. मला तुमच्या रुद्रेशशी लग्न करायचंय. त्याचंबी माझ्यावर मन हाय."

सिद्रामप्पांनी चष्मा काढला. "काय रे, खरं हाय का?"

"न्हाई अप्पा... ह्या नुसत्या क्लासला होत्या."

कालपर्यंत फोनवर राणी म्हणणारा, मेला! सिद्रामप्पा पोराच्या पडलेल्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"बस पोरी. मी हो म्हणलो असतो का न्हाई, ते माझं मलाच म्हाईत न्हाई. पण ह्यानं कधी विचारलंच न्हाई."

ती दोन घोट पाणी प्यायली. डोळे पुसले, तरी वाहतच होते. ती पायऱ्या उतरू लागली, तसा मागून आवाज आला.

"मी सांगणारच होतो अप्पा, पण..."

पुढचं ऐकायला बबिता थांबली नाही.