दोघांची निगा

"खून झालाय," नर्सबाई हेराला म्हणाल्या, "आणि कुणी केला तेही मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त सिद्ध करा."

मेलं होतं ते कुंपण. नर्सबाई आणि शेजारचे घड्याळजी यांच्या अंगणांमधलं, माणसाहून उंच आणि इतकं दाट की पलीकडचं काही दिसत नसे. आता पानं कडांनी करपून गळत होती. नर्सबाईंच्या यजमानांनी ते लावलं होतं आणि जाताना "कुंपण सांभाळ" एवढंच सांगितलं होतं. घड्याळजी म्हणत, ते माझं. कोर्टात दावा चालू होता. आता बाई पोलिसांतही जाणार होत्या.

हेर बुंध्यांपाशी वाकला. त्याचे भावोजी पिशवी धरून उभे राहिले. ते निवृत्त झाल्यापासून हेराची बहीण त्यांना रोज भावाकडे पिटाळत असे.

"कुणीतरी तणनाशक ओतलंय," भावोजींनी निकाल देऊन टाकला.

"मग हातभर अंतरावरचं हे गवत का माजलंय, भावोजी?"

गवत काळपट हिरवं, घोट्यापर्यंत वाढलेलं होतं. बुंध्यांभोवती मात्र मातीवर पांढरट पापुद्रा होता. भावोजींनी दोन्ही पाहिलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

पहिला संशय नर्सबाईंच्या मुलावर. त्याला कुंपण नकोच होतं.

"आई दिवसभर अंधारात बसते हो," तो म्हणाला. "तणनाशकाचा डबा मीच आणला होता. ती रडली, म्हणून तसाच ठेवला."

त्यानं डबा दाखवला. सील शाबूत होतं.

घड्याळजी खिडकीशी एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. खिडकीखाली टपोरे गुलाब होते आणि शेजारी खताचं पोतं.

"मी कशाला मारू? माझ्या वकिलांनी सांगितलंय, जो निगा राखेल त्याची बाजू भक्कम. मी पहाटे उठून बघतो त्याचं. बाई जाग्या व्हायच्या आत. उगाच तोंडाला तोंड नको."

"सुकायला लागल्यावर काय केलंत?"

"जास्तच काळजी घेतली," घड्याळजी म्हणाले.

हेर परत आला. "बाई, तुमच्या वकिलांचा सल्ला काय होता?"

"निगा राखा. दुसरं काय सांगणार? राखतेच मी. दुपारी, हा शेजारचा डुलक्या काढतो तेव्हा."

मग हेरानं घड्याळजींना त्यांच्या बाजूनं कुंपणाजवळ बोलावलं. पानं झडून पडलेल्या भोकातून दोघा शेजाऱ्यांचे चेहरे एकमेकांना दिसले. दोघांनीही नजर वळवली.

"तणनाशक असतं, तर आधी गवत मेलं असतं," हेर म्हणाला. "इथं गवत पोसलंय. म्हणजे जमिनीत विष नाही, खाऊ आहे. पांढरा पापुद्रा खताचा. हे पहाटे खत घालायचे, तुम्ही दुपारी. दोघंही चोरून, कारण निगा राखतोय हे दुसऱ्याला कळलं तर तोही राखेल. झाड करपायला लागलं, तेव्हा तुम्ही काय केलंत, बाई?"

नर्सबाई पायरीवर बसल्या. "मूठ वाढवली."

"यांनीही वाढवली. दुप्पट खतानं मुळं जळली. एकानं जरी दुसऱ्याला विचारलं असतं, तर कुंपण आज उभं असतं."

"म्हणजे अर्धा दोष त्यांचा."

"हो. अर्धाच."

बाईंनी हातांकडे पाहिलं. "आयुष्यभर दुसऱ्यांना औषध मोजून दिलं मी," त्या म्हणाल्या.

पलीकडून घड्याळजी हळू बोलले. "बाई, कुंपण तुमचंच होतं. यजमानांनी लावलं तेव्हा ओळ सरळ यावी म्हणून सुतळी मीच धरली होती. एकदा फांद्या छाटण्यावरून वाजलं आणि रागात माझं म्हणून बसलो. मग मागं फिरता येईना. उद्या दावा काढून घेतो."

नर्सबाई उठल्या. जे ऐकायला त्या एवढं भांडल्या होत्या, ते मिळालं होतं.

"हे होते तेव्हा बोलायचं होतंत," त्या म्हणाल्या, आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.