घुमटातला जोडीदार

दोष सगळा आगासकर मास्तरांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी भुताला बोल लावायला नको.

मुंबईच्या एका शाळेत इमारतींचे नकाशे शिकवणारे हे मास्तर सुट्टीत आपला विद्यार्थी दिलावर याला घेऊन त्याच्या गावी, जुन्नरला आले, राजुरीच्या वाटेवरच्या जुन्या घुमटाची मापं काढायला. त्या मापांवरून काढलेला नकाशा आणि वर तोंडी प्रश्न, ही दिलावरची शेवटची परीक्षा. पास झाला तर सरकारी नोकरी, आणि नोकरी लागली तरच शमाशी निकाह. शमाच्या बापानं, वजीरचाचानं, हे चारचौघांत सुनावलं होतं.

माप काढायला माणसं दोन लागतात. एक फीत धरून आकडा ओरडतो. दुसरा तोच आकडा परत म्हणतो आणि मग लिहितो. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, हे मास्तरांनीच शिकवलेलं. पण आंब्याचे दिवस होते. "हो पुढे, आलोच," म्हणून मास्तर डाकबंगल्यात टोपली पुढ्यात घेऊन बसले, ते बसलेच.

दिलावर एकटा गेला. बाहेर टळटळीत ऊन. आत गारवा, वटवाघळांचा उग्र वास आणि मधोमध एक बिननावाची कबर. त्यानं फितीचं टोक खिळ्याला अडकवलं आणि सवयीनं ओरडला, "साडेनऊ!"

"साडेनऊ," घुमट म्हणाला.

दिलावरला हसू फुटलं. घुमटही हसला. जोडीदार मिळाला की राव! कमानी, कोनाडे, उंबरे... हा ओरडायचा, वरून आकडा परत यायचा, हा लिहायचा. मध्येच त्यानं शमाला हाक मारली. ती इतक्या लाडानं परत आली की गडी कानापर्यंत लाजला. मुंबईत कधी एवढं सुख लागलं नव्हतं त्याला.

मग एकदा वाचताना चुकला. "सव्वासात!"

"साडेसात..."

त्यानं फीत पुन्हा पाहिली. साडेसातच. मानेवर काटा आला. पण काम असं रंगलं होतं की घाबरायला सवड कुठली? "आरं, तुला तर समदं ठावं हाय!" तो म्हणाला. हे मात्र परत आलं नाही.

कबर आणि घुमटाची उंची तेवढी राहिली. उंचीला शिडी पोचेना.

"भाऊ, आता तू सांग. मी परत म्हणतो."

फितीचं टोक खिळ्यावरून सुटलं. सरसर वर गेलं, अंधारात... आणि ताठ झालं.

"एकतीस," वरून आलं. आवाज दिलावरचाच होता.

"एकतीस," दिलावर म्हणाला, आणि त्यानं लिहिलं. कबर तशीच टाकून तो उड्या मारत घरी आला.

"जेवतोस का रं?" त्याची आई रहिमाबी म्हणाली.

"जेवतोस का रं?"

घर हसून हसून लोळलं. पोरगं मुंबईहून नकला शिकून आलंय! काही दिवसांनी हसू आटलं, तेव्हा वजीरचाचानं दाढी खाजवली. "घुमटात बोललास व्हय? तिथं कुनी तोंड उघडत न्हाई."

"मग आधी का न्हाई सांगितलं?" शमा कडाडली.

"वाटलं, शिकल्यालं पोरगं... म्हाईत आसंल."

मोठ्यांचं हे असंच. शहाणपण बरणीत मुरत ठेवायचं आणि पोर बुडालं की झाकण काढायचं.

दिलावरचा नकाशा शाळेत पहिला आला. परीक्षकानं कौतुकानं विचारलं, "हा घुमट कुणी बांधला?"

"हा घुमट कुणी बांधला?" दिलावर म्हणाला.

आगासकर मास्तर जमिनीकडे बघत राहिले. दिलावर नापास.

पण शमानं बापाला बजावलं, "मला हाच पायजे." पोरगी अन्नाला शिवेना, तेव्हा म्हातारा नमला. मांडवात काझीनं विचारलं, "कबूल?"

"कबूल!"

जगात ही एकच परीक्षा, जिथं परत म्हटलं की माणूस पास. मांडवात असा हशा उसळला की बैल बुजले. संसारही झकास चालला. शमा बोलायची, तो तेच बोलायचा. भांडण कसलं होतंय!

एकदा राजुरीहून परतताना तिनं घुमटापाशी गाडी थांबवली. दिलावर बैलांपाशी उभा राहिला. ती एकटी आत गेली, एक शब्द न बोलता.

"शमा," वरून नवऱ्याच्या आवाजात आलं, "कबर मापायची राहिलीय. त्याला आत पाठव..."

ती धावत बाहेर आली. दिलावर हसत होता, तिच्या बोलण्याची वाट बघत.

मास्तरांच्या आंब्यांपायी दिलावरचा स्वतःहून बोलायचा पहिला शब्द गेला. तो शब्द दिलावर मरेपर्यंत परत आला नाही.